माथ्यावर रेंज आली तेव्हा

धाकट्यानं आयुष्यात कधी काही अचानक केलं नव्हतं, म्हणून तर या सहलीचं घरात एवढं अप्रूप होतं. चाळिशी उलटली तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवून द्यायच्या हा त्याचा धंदा. दिवसभर खिडकीपाशी वाकून मेणात दात बसवायचे, घासायचे, परत बसवायचे आणि संध्याकाळी प्लॅस्टरची पांढरी पूड अंगावर घेऊन घरी यायचं. सुट्टी लागली की सुट्टीतही तेच. असा माणूस परवा संध्याकाळी दारातूनच ओरडला, "बॅगा भरा! उद्या पहाटे निघायचं. वाळवंट बघायला!"

त्याच्या बायकोनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे कुणी विचित्र वागलं की पहिली शंका तापाची. मग ती इतकी हरखली की बघायची सोय नाही. दुकानात फोन करून रजा मागितली, आणि मागताना "नवरा म्हणाला चल, की निघालो बाई आम्ही" हे तीन जणींना ऐकवलं. रात्री जाऊन सगळ्यांसाठी रुंद काठाच्या टोप्या आणल्या. आईच्या गुडघ्यांसाठी मागच्या सीटवर दोन उशा बांधल्या. शेजारच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या ताईलाही आग्रहानं गाडीत घातलं. ताई धाकट्याहून मोठी, चष्म्यांच्या दुकानात नजर तपासायची. नवरा गेल्यापासून ती कुठं जायची नाही, पण या वेळी तिनं एका शब्दानंही आढेवेढे घेतले नाहीत. बायकोला त्याचंही कौतुक वाटलं.

पहिला दिवस वाळूच्या टेकड्यांमध्ये गेला. रात्री एका साध्या लॉजवर राहिले आणि सकाळी दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात शिरले. हे लाल खडकांचं. फाटकावरच्या रखवालदारानं काचेतून आत डोकावून विचारलं, "पाणी किती आहे बरोबर?"

"आमच्याबरोबर आमची सून आहे," मागून आई म्हणाली. "पाणीच काय, तिनं तुमच्यासाठीसुद्धा टोपी आणली असेल."

रखवालदार हसला, बायको लाजली, आणि खारू खिदळली. खारू म्हणजे धाकट्याची मुलगी. लहानपणी घास गिळायची नाही, दोन्ही गालांत साठवून ठेवायची, म्हणून पडलेलं नाव. आता नववीत होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

गाडी लाल कड्यांच्या मधून चालली. वाऱ्यानं खडक असे खाल्ले होते की कुठं नुसता खांब उरलेला, कुठं दोन भिंतींवर एक तुळई. रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपं, त्यांच्या सावलीत निपचित पडलेले सरडे, आणि वर ढगाचा ठिपकाही नसलेलं आभाळ. बायको प्रत्येक वळणावर "थांब, थांब" म्हणायची. धाकटा थांबायचा, सगळ्यांचे फोटो काढायचा, हसायचा. मधूनच खिशातला फोन काढून बघायचा. काल दुपारपासून फोनला रेंज नव्हती. रेंज नाही हे बघितलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटायची.

कारण ही सहल अचानक का निघाली, ते त्याला आणि ताईला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. निदान त्या दोघांची तशी समजूत होती.

दादा येणार होता.

दादा म्हणजे या घरातला थोरला. घरं रंगवायचा. हात असा की त्यानं ओढलेली रेघ पट्टीनं तपासून बघावी. पण दारूनं त्याला धुऊन नेलं. पाच वर्षांपूर्वी खारूला शाळेत बक्षीस मिळालं, त्या समारंभाला तो न बोलावता आला होता. पुतणीचं कौतुक करायला थेट स्टेजवर चढला, माईक हिसकावून घेतला आणि माईकसकट खाली कोसळला. सगळी शाळा बघत होती. त्यानंतर त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं. तो लांबच्या एका गावी व्यसन सोडवायच्या केंद्रात गेला, बरा झाला, तिथंच रंगकामाला लागला. मधूनमधून ताईला फोन करायचा, बाकी कुणाला नाही. आणि परवा त्यानंच ताईला सांगितलं, "सुट्टीत येतोय चार दिवस. धाकट्याकडे उतरेन म्हणतो. चालेल ना?"

ताई "हो, ये की" म्हणून बसली. आणि फोन ठेवल्या ठेवल्या धाकट्याच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. "मी काय म्हणणार होते रे? नको म्हणू?"

धाकट्यानं हातातली कवळी खाली ठेवली. "आपण घरीच नसलो तर?" तो म्हणाला.

एवढंच झालं होतं. दादाला सांगायचं कुणी, हे तेवढं राहून गेलं. धाकट्याला वाटलं, ताई कळवेल. ताईला वाटलं, घर त्याचं, तो कळवेल. आणि दोघांनाही आतून माहीत होतं की दुसरा कळवणार नाही.

रस्ता चढाला लागला. वर माथ्यावर गाड्या लावायला मोकळी जागा होती आणि तिथून ती प्रसिद्ध लाल कमान समोर दिसायची. धाकट्यानं गाडी कठड्यापाशी उभी केली, काचा खाली केल्या. वारा आत आला. बायको दार उघडणार, एवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर घंटी वाजू लागली. फोन गाडीला जोडलेला होता. माथ्यावर रेंज आली होती.

समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: दादा.

धाकट्यानं फोन बंद करायला बोट पुढं केलं. घाईत बोट भलतीकडे पडलं आणि फोन उचलला गेला.

"हॅलो? धाकट्या?" आवाज गाडीभर झाला. पाच वर्षांत हा आवाज या माणसांनी एकत्र ऐकला नव्हता. "अरे, मी तुमच्या दाराशी आहे. कुलूप दिसतंय. काल रात्रीपासून फोन लावतोय, लागतच नाही. सगळे ठीक आहात ना?"

गाडीत कुणी हललं नाही. आरशात त्याला ताईचा चेहरा दिसला. ती मान खाली घालून पर्सच्या चेनशी खेळत होती.

"हो, हो, ठीक आहोत," तो म्हणाला. "अरे दादा, ते काय झालं, अचानक निघावं लागलं बघ. ताईच्या नणंदेचं ऑपरेशन निघालं. एकदम सिरियस. सगळेच इकडं आलोय. हॉस्पिटलमध्येच आहोत."

"अरे बापरे," दादा म्हणाला. "काय झालं तिला?"

"पोटाचं काहीतरी. डॉक्टर अजून नीट सांगत नाहीत."

त्याच क्षणी शेजारी प्रवाशांची एक मोठी गाडी येऊन थांबली. तिच्या टपावरच्या भोंग्यातून गाईडचा खणखणीत आवाज घुमला. "मंडळी, डाव्या हाताला बघा, ही जगप्रसिद्ध लाल कमान! फोटो काढा, पण खडकावर कुणी चढू नका! वाळवंटातलं ऊन आहे, टोप्या घाला!"

धाकट्यानं धडाधड काचा वर केल्या. उशीर झाला होता. भोंगा आणखी एकदा "टोप्या घाला" म्हणून गेला, आणि मग गाडीत अशी शांतता झाली की इंजिनाची टकटक ऐकू यावी.

"बरं," दादा म्हणाला.

"दादा, ते इथं बाहेर टीव्ही..."

"बरं, बरं. आई आहे का जवळ? दोन शब्द बोललो असतो."

धाकट्यानं आरशात पाहिलं. आई मागच्या सीटवर दोन उशांच्या मधोमध ताठ बसली होती. डोक्यावर सुनेनं आणलेली टोपी. डोळे टक्क उघडे.

"आई झोपलीय रे," तो म्हणाला.

आणि आरशात त्यानं पाहिलं, आईनं डोळे मिटले.

"झोपू दे मग. उठवू नको," दादा म्हणाला. "तिच्या गुडघ्यांना जप. आणि परत येताना गाडी सावकाश चालव. ठेवतो."

स्पीकर खुट् करून बंद झाला. बाहेर लोक उतरून कमानीकडे पळत होते. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, माझा एकटीचा काढ, माझा एकटीचा.

"बाबा," खारू म्हणाली. "आजी जागी आहे."

धाकट्यानं आरसा दुसरीकडे वळवला.

"बाबा, आजी जागी होती."

"कळतंय मला!" धाकटा ओरडला. ओरडल्यावर त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

बायको त्याच्याकडे वळून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आकडेमोड चुकली की माणूस जसा कागदाकडे बघतो तशी ती बघत होती. "भाऊजी येणार होते?" तिनं विचारलं.

"हो."

"कधी कळलं तुला?"

ताईच मागून बोलली, "परवा दुपारी."

"परवा दुपारी," बायको हळूच म्हणाली. "आणि परवा संध्याकाळी तू घरी येऊन म्हणालास, बॅगा भरा." तिनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी अख्ख्या दुकानाला सांगितलं रे. म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या मनात आलं, आणि निघालो."

हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. ती भांडली असती तर त्याची उत्तरं तयार होती.

"तुला चाललं नसतं," तो म्हणाला. "त्या दिवशी शाळेतून आल्यावर किती रडली होतीस. मीच तुझ्या जागी विचार केला, की नको तिला पुन्हा..."

"माझ्या नावावर नको खपवूस. रडले होते मी. पण रडून झाल्यावर माणूस डोळे पुसतो की नाही? पाच वर्षं झाली. मी कधी म्हटलं, भाऊजींना घरात घेऊ नका? एकदा तरी? त्या दिवशी स्टेजखालून त्यांना उचललं कुणी? मी आणि त्या शिपायानं."

"मग खारूसाठी तरी..."

"माझ्यासाठी?" खारू मागून पुढं सरकली. "बाबा, माझ्या वर्गात ते कुणाच्या लक्षातसुद्धा नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बक्षीस द्यायला आलेल्या साहेबांचीच पँट फाटली होती, सगळ्यांना तेवढंच आठवतं."

एरवी यावर सगळे हसले असते. आता ताईनं नाक ओढलं आणि म्हणाली, "तू कळवशील असं मला वाटलं होतं, धाकट्या."

"मी? फोन तुला आला होता! 'ये की' तू म्हणालीस!"

"आणि 'आपण घरी नसलो तर' कोण म्हणालं?"

"तू नको म्हणायचंस मग! गाडीत बसताना बरी गुपचूप बसलीस."

"भाऊ आहेस म्हणून बसले..."

"पुरे," आई म्हणाली.

तिनं डोळे उघडले होते. ती कुणाकडेच बघत नव्हती, समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "एकमेकांवर ढकलू नका. मला माहीत होतं."

धाकटा पूर्ण मागं वळला.

"त्यानं ताईला फोन केला, त्याच्या आधी मला केला होता," आई म्हणाली. "विचारत होता, आई, येऊ का. मी म्हटलं, ताईला विचार. माझ्या तोंडून हो निघालं नाही, म्हणून ताईवर टाकलं. मग तुम्ही बॅगा भरायला लागलात. मला कळलं का भरताय ते. म्हटला असता एक शब्द, तर थांबला असतात तुम्ही. नाही म्हटला." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "गाडी सुटली ना, तेव्हा मला हायसं वाटलं. पोटच्या पोराला चुकवून पळताना हायसं वाटलं मला. आणि आत्ता तर डोळे मिटून घेतले. शोभतं का हे मला या वयात?"

ताई रडायला लागली. बायकोनं मागं हात करून आईचा हात धरला. धाकट्याला वाटलं, आपणही काहीतरी धरावं. स्टिअरिंग होतं, ते धरलं.

"त्याला फोन लाव," आई म्हणाली.

त्यानं फोन हातात घेतला. नाव दिसत होतं. अंगठा वर धरून तो नुसता बसून राहिला. काय बोलायचं? ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून सांगायचं? बायकोनं थोडा वेळ वाट पाहिली आणि आपल्या फोनवरून नंबर लावला.

"भाऊजी, मी बोलतेय. ... हो, मीच. कुठं आहात तुम्ही? ... स्टँडवर? लगेच परत निघालात?" ती ऐकत राहिली. पलीकडचं कुणाला ऐकू येत नव्हतं. "भाऊजी, कुणाचं ऑपरेशन नाही. आम्ही वाळवंटात फिरायला आलोय." पुन्हा ती ऐकत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "हो, कमान छान आहे. तुमची बस कुठून जाते? ... वाळवंटाच्या कडेनं? मग चहाला कुठं थांबते? ... नाही, आम्ही येतोय. तुम्ही नको म्हणालात तरी येतोय."

फोन ठेवून ती म्हणाली, "हायवेवरच्या मोठ्या फाट्यावर, संध्याकाळी. चल."

"काय म्हणाला तो?" धाकट्यानं विचारलं.

"म्हणाला, सुट्टी आहे तुमची, कशाला मोडता."

कमान न बघताच गाडी वळली. अर्धा दिवस ती चालत राहिली. दुपारी एका पंपावर ते थांबले, कोरडा पाव आणि केळी खाल्ली. बायको अधूनमधून "डावीकडे", "आता सरळ" एवढंच म्हणायची. लाल खडक मागं पडले, मग नुसती सपाट, राखाडी जमीन आली, तिच्यावर विजेचे खांब. धाकटा मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. दादा, माझी चूक झाली. दादा, मी असा नाही. पण असाच तर होता. त्यामुळे दुसरं वाक्य काढून टाकावं लागायचं, आणि पहिलं एकटंच उघडं पडायचं.

फाट्यावर चहाची टपरी, पंक्चरचं दुकान आणि एक लांबलचक पत्र्याची शेड होती. उन्हं उतरली होती. बस आधीच येऊन उभी होती. दादा शेडच्या खांबाला टेकून उभा होता, पायाशी लहानशी बॅग. धाकट्यानं त्याला आधी ओळखलंच नाही. अंग उतरलं होतं, केस बारीक कापलेले, शर्ट इस्त्रीचा. भावाच्या घरी जायचं म्हणून घातलेला.

"आलात का," दादा म्हणाला, जणू तोच यजमान होता. "चहा घ्या. इथला बरा असतो."

खारू सगळ्यांच्या आधी त्याच्याजवळ गेली. "काका, ओळखलंत का मला?"

"गालांवरून ओळखलं," दादा म्हणाला आणि हसला.

हसला तेव्हा धाकट्यानं पाहिलं. वरची सगळी कवळी होती. नवी, आणि वाईट. दात एकसारखे मोठे, घोड्याचे असावेत तसे, आणि जबडा मिटताना उजवी बाजू आधी टेकत होती. बोलताना ती सुटत होती, आणि दादा जिभेनं ती परत वर लावत होता. सवयीनं, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं. अर्ध्या शहराचे दात धाकट्यानं आपल्या हातांनी बनवले होते.

"ही कुणी बनवली?" त्याच्या तोंडून निघून गेलं. दिवसभर जुळवलेल्या सगळ्या वाक्यांऐवजी हेच निघालं.

दादानं पटकन तोंडावर हात धरला. "आहे तिकडचा एक. स्वस्तात करतो. जरा टोचते खाताना, बाकी ठीक." मग हाताआडूनच म्हणाला, "तुला दाखवावी म्हणत होतो. पण त्यासाठी आलो नव्हतो हां. तसं नको समजूस."

"दे. मी नीट करून देतो."

"आणि तोवर मी काय भिंती चाटू?" दादा हसला, हात न काढता. "राहू दे. होईल कधीतरी."

ताई दादाच्या दंडाला धरून "मी सांगायला हवं होतं रे, मी सांगायला हवं होतं" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"सांगायचंस," दादा म्हणाला. "नको येऊस म्हणाली असतीस ना, तरी मला राग नसता आला. मला नकार ऐकायची सवय आहे, ताई. केंद्रात तेच शिकवतात, समोरच्याला नाही म्हणायचा हक्क आहे. पण त्या पायऱ्यांवर बसलो होतो ना सकाळी, तेव्हा मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना काहीतरी झालंय. गॅसचा वास येतो का, म्हणून दाराच्या फटीला नाक लावून बघितलं मी. शेजारचे बघत होते. त्यांना वाटलं, आलाय पुन्हा पिऊन."

टपरीवाली ग्लास ठेवून गेली. कुणी उचलला नाही.

आई बायकोच्या आधारानं गाडीतून उतरून एकेक पाऊल टाकत येत होती. दादा पुढं झाला. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी जागी होते."

"असू दे, आई."

"असू दे नाही. मी जागी होते आणि मी बोलले नाही."

दादानं मान हलवली. तू झोपली होतीस असं खोटं नाही म्हणाला तो, आणि मनाला लावून घेऊ नकोस असंही नाही म्हणाला. नुसता तिच्या टोपीची तिरकी झालेली कड सरळ करत राहिला. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माणसं चढायला लागली.

"तुझी खोली कितव्या मजल्यावर?" आईनं विचारलं.

"तळमजल्यावर. का?"

"जिना नाही?"

"नाही."

"मग झालं," आई म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "माझी पिशवी काढ गं गाडीतून. मी याच्याकडे चार दिवस जाते."

"आई!" धाकटा म्हणाला. "असं कसं? तुझे गुडघे, बस... आम्ही सोडतो ना गाडीनं. नाहीतर दादा, तूच चल की आमच्याबरोबर. जागा करू."

"त्याची बस उभी आहे," आई म्हणाली. "आणि तुझ्या गाडीत मी खूप बसले."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. पण धाकट्याला वाटलं, शेडमधल्या प्रत्येकानं ऐकलं.

दादा गोंधळला होता. "आई, एकच खोली आहे गं. एकच पलंग."

"तू खाली झोप. तुला माझ्या पलंगाखाली झोपायची सवय आहे, लहानपणी निघायचाच नाहीस तिथून." आणि ती बसच्या दाराकडे चालू लागली.

पायरी उंच होती. दादा वरून हात देत होता, बायको आणि ताई खालून आधार देत होत्या. धाकटा पिशवी घेऊन मागं उभा होता, कुठं हात लावावा कळत नव्हतं, कारण सगळ्या जागा भरलेल्या होत्या. शेवटी त्यानं पिशवी आत सरकवली. बायकोनं गाडीतल्या दोन्ही उशा आणून दिल्या. खारूनं खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "काका, मी आले तर चालेल का? पुढच्या सुट्टीत?"

"विचारून ये," दादा म्हणाला. "म्हणजे मी घरी असेन."

ते ऐकून ताई रडता रडता हसली. धाकट्याला हसता आलं नाही.

आईला खिडकीची जागा मिळाली होती. दादा काच लावू बघत होता, पण ती सैल होती. वर ओढली की पुन्हा खाली घसरायची. रात्री वाळवंटातला वारा गार असतो, तो थेट तिच्या मानेवर बसणार होता. दादानं दोनदा ओढून पाहिली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "धाकट्या! जाड पुठ्ठा मिळतो का बघ रे कुठं!"

दिवसभरात, किंबहुना पाच वर्षांत, त्यानं भावाकडे मागितलेली ही पहिली वस्तू होती.

धाकटा पळाला. टपरीच्या बाजूला बिस्किटांचं रिकामं खोकं पडलं होतं. टपरीवालीला विचारायचंही त्याला सुचलं नाही, त्यानं त्याची एक बाजू टराटरा फाडली. बस सुरू झाली होती. पळता पळता त्यानं पुठ्ठ्याची घडी घातली, जाडी बघितली, पुन्हा एक घडी घातली. बस हलली. तो खिडकीखाली पोचला, हात वर केला, दादाची बोटं खाली आली. पुठ्ठा गेला आत. दादानं काच वर ओढली आणि फटीत पुठ्ठा ठोकून बसवला.

काच बसली. पलीकडून आई त्याच्याकडे बघत होती आणि काहीतरी बोलत होती. तो बसबरोबर धावत "काय? काय म्हणालीस?" असं विचारत राहिला. ती पुन्हा बोलली. तिचे ओठ त्याला दिसले. काच इतकी घट्ट बसली होती की आवाज मात्र बाहेर आला नाही. मग बसनं वेग घेतला, आणि तो धुळीत उभा राहिला.